नेवाडातील गुप्त तळ आणि उडत्या तबकड्या

२ एप्रिल २०२२ ची संध्याकाळ आपल्यापैकी पुष्कळांना आठवत असेल. गुढीपाडव्याचा दिवस होता. अंधार पडल्यावर महाराष्ट्रातल्या अनेक गावांतून आकाशात एक विलक्षण दृश्य दिसले. जळते तुकडे एका रांगेत, मागे शेपट्या सोडत, अगदी संथपणे सरकत गेले. उल्का म्हणावी तर ती क्षणात विझते. हे तर चांगले डोळे भरून पाहता आले. त्याच रात्री चंद्रपूर जिल्ह्यातील सिंदेवाही तालुक्यात लाडबोरी या गावी धातूचे एक भले मोठे कडे आकाशातून येऊन पडले. काही तासांतच घरोघरच्या मोबाइलवर निरनिराळी स्पष्टीकरणे फिरू लागली. कोणी म्हणे विमान कोसळले, कोणी म्हणे क्षेपणास्त्र, आणि उडती तबकडी म्हणणारेही थोडे नव्हते.

उत्तर मिळायला फार वेळ लागला नाही. फेब्रुवारी २०२१ मध्ये चीनने सोडलेल्या लाँग मार्च ३-बी या रॉकेटचा वरचा टप्पा पृथ्वीभोवती फिरत होता आणि तो त्याच सुमारास वातावरणात शिरणार होता. अशा वस्तूंच्या कक्षा प्रसिद्ध केल्या जातात, त्यामुळे वेळ आणि मार्ग कोणालाही ताडून पाहता येतो. अभ्यासकांनी तो पाहिला आणि जुळवून दाखवला.

दुसऱ्या दिवशी वर्गात मी हे सांगितले तेव्हा मागच्या बाकावरून एकाने विचारले, "सर, पण हे लोक सांगतात तेच खरे कशावरून? अमेरिकेने एरिया ५१ मध्ये तबकडी लपवून ठेवलीच आहे ना?" वर्ग हसला. मीही हसलो आणि पुढच्या धड्याकडे वळलो. घरी आल्यावर मात्र वाटले, की त्या मुलाच्या प्रश्नाला हसण्यावारी नेणे बरे झाले नाही. कारण त्याचे अर्धे म्हणणे बरोबर होते. त्या ठिकाणी काहीतरी लपवलेले होते, आणि ते विचारणाऱ्यांना सरकारने अनेक वर्षे खोटी उत्तरे दिली, हे आता कागदोपत्री सिद्ध झालेले आहे. तेव्हा ते काय होते, आणि त्यातून तबकड्यांची कथा कशी उभी राहिली, हे नीट पाहू.

कोरड्या तलावावरचे विमानतळ

अमेरिकेच्या नेवाडा राज्यात लास वेगास शहराच्या उत्तर-वायव्येस सुमारे १३० किलोमीटरवर ग्रूम लेक नावाचा तलाव आहे. तलाव म्हणायचा इतकेच. वर्षातला बहुतेक काळ तो ठणठणीत कोरडा असतो. पावसाळी दिवसांत त्यात वीतभरही नसेल इतके पाणी साचते, वाऱ्याने ते इकडून तिकडे हलते, आणि आटताना तळाचा बारीक गाळ सारवल्यासारखा सपाट करून जाते. उन्हाने तो कडक होतो. निसर्गाने करून ठेवलेली ही धावपट्टीच होय. भोवताली डोंगर आणि वस्ती जवळजवळ नाही.

एप्रिल १९५५ मध्ये चार माणसे एका लहान विमानातून ही जागा पाहून गेली. त्यांत मध्यवर्ती गुप्तचर संस्थेचे, म्हणजे सीआयएचे, रिचर्ड बिसेल आणि लॉकहीड कंपनीचे विमानरचनाकार केली जॉन्सन हे होते. त्यांना एक नवे विमान गुपचूप उडवून पाहायचे होते. शेजारीच अणुबाँबच्या चाचण्यांचे क्षेत्र होते, त्यामुळे लोक तिकडे फिरकत नसत. राष्ट्राध्यक्ष आयझेनहॉवर यांच्या संमतीने हा पट्टा त्या चाचणीक्षेत्राला जोडण्यात आला. अणुऊर्जा आयोगाच्या नकाशावर त्याचे नाव होते एरिया ५१. या आकड्यात गूढ असे काही नाही. आपल्याकडे सर्व्हे नंबर असतात, तसाच तो एक. जॉन्सन यांनी मात्र कामगारांनी यावे म्हणून त्या ओसाड जागेला 'पॅराडाइज रँच', म्हणजे 'नंदनवन' म्हणावे तसले नाव दिले होते!

कामगारांना सोमवारी विमानाने नेत आणि शुक्रवारी परत आणत. १७ नोव्हेंबर १९५५ रोजी असे एक विमान वाटेतल्या माउंट चार्ल्सटनवर आदळले आणि त्यातले सर्व १४ जण मरण पावले. ते कोणत्या कामावर निघाले होते हे त्यांच्या घरच्यांना कित्येक वर्षे सांगण्यात आले नाही. गुपिताची किंमत कोण मोजतो, याचा हा पहिला हिशेब. दुसरा पुढे येईल.

ते नवे विमान म्हणजे यू-२. त्याचे पहिले अधिकृत उड्डाण ऑगस्ट १९५५ मध्ये झाले. सोव्हिएत संघावरून उडत जाऊन छायाचित्रे घ्यायची आणि तिथल्या लढाऊ विमानांच्या व तोफांच्या पल्ल्याबाहेर राहायचे, असा त्यामागचा विचार होता. त्यासाठी ते २० किलोमीटर किंवा त्याहूनही अधिक उंचीवरून उडायला हवे होते.

२० किलोमीटर म्हणजे काय, याची थोडी कल्पना करा. तिथे हवेची घनता समुद्रसपाटीच्या सुमारे चौदावा हिस्सा असते. एवढ्या विरळ हवेत विमान तोलून धरायचे तर पंख लांबलचक हवेत; यू-२ चे पंख टोकापासून टोकापर्यंत सुमारे २४ मीटर होते आणि एकूण रचना एंजिन बसवलेल्या ग्लायडरसारखी होती. हवेचा दाब तर अठराव्या हिश्श्यावर येतो. दाब कमी झाला की उत्कलनबिंदू उतरतो, हे आपण शाळेत शिकतो. या उंचीवर पाणी सुमारे ३५ अंश सेल्सिअसला उकळते. माणसाच्या शरीराचे तापमान ३७ अंश! म्हणून वैमानिकाला दाब राखणारा खास पोशाख घालावा लागे. साधे विमानी इंधनही तिथे उकळून उडून जाईल, म्हणून शेल कंपनीने सहज वाफ न होणारे खास रॉकेल तयार केले. त्याला लागणारा कच्चा माल 'फ्लिट' या कीटकनाशकातही वापरला जाई. परिणामी १९५५ च्या उन्हाळ्यात अमेरिकेत फ्लिटची टंचाई झाली. आपल्याकडेही जुन्या घरांतून पिचकारीचा फ्लिट पंप असे, आजीआजोबांना विचारा. डास का मारता येत नाहीत याचे खरे कारण त्या वर्षी अमेरिकन गृहिणींना कोणी सांगितले नसणार.

सूर्यास्तानंतरचा सूर्य

आता मुख्य मुद्द्याकडे येऊ. यू-२ ची चाचणी-उड्डाणे सुरू झाल्यावर अज्ञात वस्तू पाहिल्याच्या तक्रारी येऊ लागल्या. त्यातल्या पुष्कळशा प्रवासी विमानांच्या अनुभवी वैमानिकांनी केलेल्या होत्या, आणि बहुधा संध्याकाळच्या. पश्चिमेकडे जाताना फार उंचावर आगीसारखे चकाकणारे काहीतरी दिसले, असे ते सांगत. हे लोक ना खोटे बोलत होते, ना त्यांना भास झाला होता. त्यांनी पाहिले ते खरेच होते. ते काय आहे एवढेच त्यांना ठाऊक नव्हते.

सूर्य मावळतो म्हणजे आपल्या क्षितिजाखाली जातो. पण क्षितिज हे पाहणाऱ्याच्या उंचीवर अवलंबून असते. उंच गेलो की पृथ्वीचा वाकडेपणा आपल्याला अधिक दूरपर्यंत आड येत नाही, आणि क्षितिज थोडे खाली झुकते. गडावर मुक्कामाला गेला असाल तर पायथ्याची वाडी सावलीत गेल्यावरही माथ्यावर ऊन रेंगाळताना पाहिले असेल. तिथे डोंगरांच्या सावल्यांचाही भाग असतो, पण कल्पना यायला ते पुरे आहे.

गणित सोपे आहे. पृथ्वीची त्रिज्या त्रि = ६३७१ किलोमीटर आणि विमानाची उंची उ धरली, तर क्षितिज ज्या कोनातून खाली झुकते त्याची कोज्या (त्रि ÷ (त्रि + उ)) एवढी येते. पृथ्वीच्या केंद्रापासून विमानापर्यंत एक रेघ आणि विमानातून पृथ्वीला स्पर्शिका काढा. काटकोन त्रिकोण मिळेल आणि सूत्र आपोआप दिसेल. उ = २० घातले तर कोन सुमारे ४.५ अंश येतो. म्हणजे जमिनीवरच्या माणसाचा सूर्य मावळून ४.५ अंश खाली गेला तरी डोक्यावरच्या यू-२ वर ऊन असतेच. नेवाडाच्या अक्षांशावर मार्च किंवा सप्टेंबरात सूर्य एका तासात सुमारे १२ अंश खाली जातो. तेव्हा ४.५ अंशांना सुमारे २३ मिनिटे लागतात. हवेतल्या वक्रीभवनाने उत्तरात थोडा फरक पडेल, तो येथे सोडून देऊ.

त्या काळची प्रवासी विमाने ३ ते ६ किलोमीटर उंचीवरून उडत. ६ किलोमीटरसाठी कोन २.५ अंश येतो. म्हणजे प्रवासी विमानाच्या वैमानिकाचा सूर्य मावळल्यावरही साधारण १० मिनिटे त्याच्या वर १४ किलोमीटरवर यू-२ उन्हात न्हात असे. सुरुवातीच्या यू-२ ला रंग नव्हता. चांदीसारखी चकचकीत धातूची काया होती. अंधारलेल्या आकाशात, जिथे कोणतेही विमान जाऊ शकत नाही अशी त्या वैमानिकाची खात्री होती तिथे, काहीतरी धगधगताना दिसे. तुमची-माझी त्याच्या जागी काय गत झाली असती? पुढे ही विमाने काळसर रंगवण्यात आली.

या तक्रारी अमेरिकन हवाई दलाच्या 'ब्लू बुक' नावाच्या प्रकल्पाकडे जात. तिथले अधिकारी सीआयएकडे गुपचूप चौकशी करून तारीख-वेळ ताडून पाहत आणि उत्तर कळले तरी तक्रार करणाऱ्याला ते सांगू शकत नसत. मग बर्फाचे स्फटिक, तापमानाचे उलटे थर, असे काहीबाही कारण दिले जाई. वैमानिक काही दूधखुळे नव्हते. आपल्याला बनवले जात आहे एवढे त्यांना कळत होते. चंद्रपूरच्या कड्याचे उत्तर खुल्या माहितीमुळे लगेच मिळाले. या वैमानिकांना ते मिळायला चाळीसहून अधिक वर्षे लागली.

१९९७ मध्ये सीआयएच्या एका इतिहासकाराने असे लिहिले, की १९५० च्या दशकाचा उत्तरार्ध आणि १९६० चे दशक यांतल्या अज्ञात वस्तूंच्या निम्म्याहून अधिक बातम्यांचे मूळ या हेरविमानांत होते. हे वाक्य पुष्कळ ठिकाणी जसेच्या तसे छापले जाते. मला ते तपासल्याशिवाय घ्यावेसे वाटत नाही. ब्लू बुककडे सर्वांत जास्त बातम्या आल्या त्या १९५२ या वर्षी, एकूण १५०१. तेव्हा यू-२ जन्मालाही आले नव्हते. शिवाय मध्यरात्री दिसलेल्या दिव्यांना यू-२ जबाबदार धरता येत नाही. तेव्हा तेही पृथ्वीच्या सावलीतच असणार. तेव्हा "काही बातम्या निश्चित यू-२ च्या होत्या" इतके म्हणणे सुरक्षित. १९६९ मध्ये ब्लू बुक बंद झाले तेव्हा १२,६१८ पैकी ७०१ नोंदींना कारण सापडलेले नव्हते. कारण सापडले नाही याचा अर्थ परग्रहावरचे पाहुणे, असा होत नाही. बहुतेक वेळा नोंदीत दिशा, कोन, वेळ यांपैकी काहीतरी गाळलेले असते. प्रयोगवहीत निरीक्षणेच लिहिली नाहीत तर निष्कर्ष कोठून येणार?

खोटे उघडे पडले की काय होते

यू-२ हे हवामानसंशोधनाचे विमान आहे, असे जाहीर केलेले होते. १ मे १९६० रोजी सोव्हिएत संघात स्वेर्दलोव्स्कजवळ एक यू-२ पाडले गेले. वैमानिक मेला असणार अशा समजुतीने अमेरिकेने सांगितले, की हवामानाचे एक विमान वाट चुकले आहे. काही दिवसांनी ख्रुश्चेव यांनी वैमानिक गॅरी पॉवर्स जिवंत आणि कैदेत असल्याचे जाहीर केले. सगळ्या जगासमोर खोटे उघडे पडले.

असेच आणखी एक खोटे आधी बोलून झाले होते. जुलै १९४७ मध्ये न्यू मेक्सिकोतील रॉसवेलजवळ एका कुरणात चांदीच्या कागदाचे, काटक्यांचे आणि रबराचे तुकडे सापडले. नुकत्याच, जूनच्या अखेरीस, केनेथ आर्नोल्ड नावाच्या वैमानिकाने नऊ विचित्र वस्तू पाहिल्याची बातमी गाजली होती आणि 'उडती तबकडी' हा शब्द सर्वांच्या तोंडी होता. लष्करी तळाने उत्साहाच्या भरात "आम्हांला तबकडी सापडली" असे पत्रक काढले, आणि लगेच "तो हवामानाचा फुगा होता" अशी दुरुस्ती केली. फुगा होता हे खरे, हवामानाचा नव्हता. तो 'मोगल' या गुप्त प्रकल्पाचा होता. आणि तो प्रकल्प भौतिकीच्या दृष्टीने मोठा सुंदर आहे. हवा वर जाताना थंड होत जाते आणि साधारण १५ किलोमीटरच्या वर ती पुन्हा हळूहळू तापू लागते. थंड हवेत ध्वनीचा वेग कमी असतो, आणि लहर नेहमी कमी वेगाच्या बाजूला वळते. त्यामुळे त्या थंड थरात शिरलेला ध्वनी वर निसटू पाहील तर खाली वळतो, खाली येऊ पाहील तर वर वळतो, आणि पाटातल्या पाण्यासारखा हजारो किलोमीटर जातो. सोव्हिएत संघाने अणुस्फोट केलाच तर त्याची चाहूल त्या थरात तरंगणाऱ्या फुग्यांवरच्या ध्वनिग्राहकांना लागावी, असा बेत होता. अमेरिकन हवाई दलाने हे १९९४ मध्ये सांगितले. मधल्या सत्तेचाळीस वर्षांत मृत परग्रहवासी, त्यांची शवचिकित्सा, त्यांचे यान, असे सर्व काही रचून झाले होते. ते यान पुढे एरिया ५१ मध्ये नेले असे सांगतात. तळ सुरू झाला १९५५ मध्ये. मधली आठ वर्षे ते कोठे होते, याचेही उत्तर कथाकारांनी शोधून ठेवले आहे म्हणा!

रडारला न दिसणारे विमान

यू-२ नंतर ग्रूम लेकवर ए-१२ आले. १९६२ मध्ये ते प्रथम उडाले. ध्वनीच्या तिप्पटीहून अधिक वेग आणि त्या वेगाला हवेच्या दाबाने व घर्षणाने येणारी उष्णता सोसण्यासाठी टायटेनियमचे अंग. तोवर सोव्हिएत उपग्रहही वरून पाहू लागले होते. उपग्रह केव्हा डोक्यावर येणार हे कक्षेवरून आधीच काढता येते, म्हणून त्याच्या वेळापत्रकाप्रमाणे विमाने छपराखाली ढकलत. तिथे काम केलेल्यांनी पुढे अशी आठवण सांगितली आहे, की तरीही विमानाचा आकार शत्रूला कळला असावा. कारण विमान उन्हात उभे असताना त्याच्या सावलीतली जमीन थंड राहते; विमान हलवले तरी काही वेळ तो थंड ठसा अवरक्त किरणांत दिसतो. अंगणात वाळवणाची चटई उचलल्यावर त्या जागी पाय ठेवून पाहा.

पण त्या तळावरची सर्वांत नवलाची गोष्ट १९७७ च्या डिसेंबरात उडाली. तिचे नाव 'हॅव ब्ल्यू', आणि तिच्यावरून पुढे एफ-११७ हे लढाऊ विमान तयार झाले. आरसे जोडून केल्यासारखे ते विमान सपाट पैलूंचे होते. त्याच्या गणिताचा पाया एका सोव्हिएत भौतिकीतज्ज्ञाने घातला होता. प्योत्र उफिम्त्सेव यांनी १९६२ मध्ये कडांवरून लहरींचे विवर्तन कसे होते यावर एक पुस्तक प्रसिद्ध केले. त्यांच्या देशात त्याला लष्करी महत्त्व आहे असे कोणाला वाटले नाही, म्हणून ते उघड छापले गेले. अमेरिकेत त्याचे भाषांतर झाले आणि लॉकहीडच्या गणितज्ञाने त्यातली सूत्रे संगणकावर घातली. जगातल्या अत्यंत गुप्त विमानाचे मूळ ग्रंथालयात कोणालाही वाचता येईल अशा पुस्तकात होते.

सपाट पैलू कशासाठी? एक प्रयोग करा. रात्री खोलीत अंधार करा. टेबलावर स्टीलचा गोल डबा ठेवा आणि डोळ्याजवळ विजेरी धरून त्यावर झोत टाका. टेबलाभोवती कोठूनही पाहा, डब्यावर एक चकाकी दिसेलच. कारण गोल पृष्ठाचा कोणता ना कोणता भाग तुमच्यासमोर काटकोनात असतो. आता डब्याऐवजी सपाट आरसा तिरपा ठेवा. झोत भलतीकडे जाईल आणि आरसा काळा दिसेल. टेबलाभोवती फिरताना एखाद्याच जागी तो लखकन चमकेल. रडार असेच काम करते, फक्त प्रकाशाऐवजी रेडिओलहरी असतात. विमानाचे पैलू असे वळवायचे, की लहरी कोठेही जाव्यात पण आल्या दिशेला परतू नयेत. आणखी एक करा. दोन आरसे एकमेकांशी काटकोनात उभे धरा. तुम्ही कोठेही उभे राहा, त्या कोपऱ्यातून झोत तुमच्याकडेच परत येईल. साध्या विमानाचा आडवा पंख आणि उभे शेपूट असाच काटकोन करतात. म्हणून एफ-११७ चे शेपूट इंग्रजी 'व्ही' अक्षरासारखे तिरपे आहे.

प्रतिध्वनी कितीही कमी केला तरी पूर्ण नाहीसा होत नाही, आणि येथे एक मौज आहे. रडारची लहर जाताना अंतराच्या वर्गाच्या प्रमाणात क्षीण होते, परत येताना पुन्हा तशीच. म्हणून परतीचे सामर्थ्य अंतराच्या चौथ्या घाताच्या व्यस्त प्रमाणात असते. परावर्तन १०,००० पट कमी केले तर विमान दिसण्याचे अंतर किती घटेल? १०,००० चे चौथे मूळ १०. फक्त दहा पट. जे विमान ३०० किलोमीटरवर दिसले असते ते आता ३० किलोमीटरवर दिसेल. एवढ्या खटाटोपाचे फळ इतकेच? पण ताशी ९०० किलोमीटर वेगाने ३०० किलोमीटर कापायला २० मिनिटे लागतात आणि ३० किलोमीटरला २. शत्रूच्या हाती दोनच मिनिटे उरतात. असे असूनही १९९९ मध्ये सर्बियात एक एफ-११७ पाडले गेलेच. 'अदृश्य विमान' हा वर्तमानपत्री शब्द आहे.

जाता जाता एक ओळखीची गोष्ट. इस्रायलच्या हाती लागलेले इराकचे एक मिग-२१ अमेरिकेने १९६८ मध्ये ग्रूम लेकवर उडवून पारखले. म्हणजे त्या तळावर खरोखरच एक 'परके' यान गुप्तपणे तपासले जात होते. आपल्या नाशिकजवळ ओझरच्या कारखान्यात पुढे जी बनली आणि सप्टेंबर २०२५ पर्यंत आपल्या हवाई दलात होती, त्याच जातीचे ते विमान.

मूलद्रव्य ११५

एरिया ५१ जगप्रसिद्ध झाले ते १९८९ मध्ये. लास वेगासच्या एका दूरचित्रवाणी केंद्रावर बॉब लाझार या गृहस्थाने सांगितले, की ग्रूम लेकच्या दक्षिणेला डोंगरात नऊ तबकड्या ठेवल्या आहेत, आपण त्यावर काम केले आहे, आणि त्यांचे इंधन म्हणजे मूलद्रव्य ११५. ज्या नामांकित संस्थांत शिकल्याचे त्याने सांगितले तिथल्या नोंदींत त्याचे नाव सापडले नाही. पण ते बाजूला ठेवू. भौतिकी काय म्हणते ते पाहू.

तेव्हा आवर्त सारणीत १०९ पर्यंतची मूलद्रव्ये तयार झालेली होती. पुढे कधीतरी ११५ येणार हे सारणी भिंतीवर लावलेल्या कोणालाही सांगता आले असते. २००३ मध्ये रशियातील दुबना येथे रशियन व अमेरिकन शास्त्रज्ञांनी अमेरिसिअमवर कॅल्शिअमचा मारा करून ते बनवले. अणुक्रमांकांची बेरीज करा: ९५ अधिक २० बरोबर ११५. २०१६ मध्ये त्याला मॉस्कोव्हिअम हे नाव मिळाले. आतापर्यंत बनवलेल्या त्याच्या समस्थानिकांचे अर्धायुष्य एका सेकंदाहून कमी आहे. सोयीसाठी अर्धा सेकंद धरा आणि एक किलो मॉस्कोव्हिअम डब्यात आहे असे समजा. त्यात सुमारे २ × १०^२४ अणू असतील. दर अर्ध्या सेकंदाला निम्मे, असे ८१ वेळा झाले की एखादाच अणू उरतो. म्हणजे चाळीस सेकंदांत डबा रिकामा. आणि त्यातून सुटणाऱ्या ऊर्जेमुळे डबा आणि डबा धरणाराही नाहीसा. याहून जड, स्थिर समस्थानिक असू शकेल असे लाझारचे समर्थक म्हणतात. त्यांनी तो दाखवावा.

त्यानंतर मात्र चित्रपटवाल्यांना आणि दूरचित्रवाणीला आयते कोलीत मिळाले. 'इंडिपेंडन्स डे' या १९९६ च्या चित्रपटात याच तळाखाली परग्रहाचे यान दाखवले. त्याच वर्षी नेवाडा सरकारने तिथून जवळच्या ३७५ क्रमांकाच्या रस्त्याला परग्रहवासीयांचे नाव देऊन टाकले. पर्यटक येतात, हॉटेले चालतात. २०१९ मध्ये कोणीतरी गमतीने "चला, तळावर चाल करून जाऊ" असे फेसबुकवर लिहिले. वीस लाखांहून अधिक लोकांनी होकार कळवला. प्रत्यक्ष त्या भागात आले काही हजार, आणि फाटकापर्यंत गेले ते थोडेसेच.

या करमणुकीत तळावरच्या एका खऱ्या गुपिताकडे फारसे कोणी पाहिले नाही. १९९४ मध्ये तिथल्या काही कामगारांनी आणि मरण पावलेल्या दोन कामगारांच्या पत्नींनी खटला भरला. त्यांचे म्हणणे असे, की तळावरची विषारी रसायने उघड्या खड्ड्यांत जाळली जात, तो धूर आमच्या अंगावर येई, आणि आम्हांला कातडीचे व श्वासाचे आजार जडले. काय जाळले ते निदान सांगा, म्हणजे डॉक्टरांना उपचार करता येतील. सरकारने राष्ट्राच्या सुरक्षिततेचे कारण पुढे केले. १९९५ मध्ये राष्ट्राध्यक्ष क्लिंटन यांनी "ग्रूम लेकजवळील हवाई दलाच्या जागे"ला पर्यावरणाच्या कायद्याखाली माहिती उघड करण्यापासून सूट दिली. तळ आहे हे कबूल करणारे ते एक दुर्मीळ वाक्य. १९९८ मध्ये अपील न्यायालयातही कामगार हरले. रसायनांची यादी त्यांना मिळाली नाही. यावर चित्रपट निघाल्याचे मी तरी ऐकलेले नाही.

'एरिया ५१' हे नाव आणि नकाशा सीआयएने उघड केला तो ऑगस्ट २०१३ मध्ये. एका संशोधकाने माहितीच्या अधिकाराखाली २००५ मध्ये मागणी केली होती, तिला हे उत्तर. यू-२ च्या त्या जुन्या गुप्त इतिहासात आपल्या देशाचेही प्रकरण आहे. १९६२ च्या चीन युद्धानंतर पंडित नेहरूंनी यू-२ ला सीमाभागावरून उड्डाणांची परवानगी दिली. पुढे ओडिशात कटकजवळचा चारबतिया हा दुसऱ्या महायुद्धातला पडीक विमानतळ त्यासाठी ठरला. तिथून पहिली मोहीम २४ मे १९६४ रोजी निघाली. तीन दिवसांनी नेहरूंचे निधन झाले आणि ते काम थांबले. डिसेंबरात पुन्हा काही काळ चालले. १९६७ पर्यंत तो तळ यू-२ साठी बंद झाला.

त्या मागच्या बाकावरच्या विद्यार्थ्याला मी हे सर्व सांगितले. त्याने शांतपणे ऐकून घेतले आणि मोबाइलवर एक चित्रफीत दाखवली: त्याच्या गावावरून संध्याकाळी मोत्यांच्या माळेसारखे सरळ रांगेत जाणारे दिवे. ते स्टारलिंकचे उपग्रह होते, एवढे मी सांगून टाकले. "रात्री उशिरा का दिसत नाहीत?" या त्याच्या पुढच्या प्रश्नाचे उत्तर मात्र त्यालाच काढायला लावले. तुम्हीही काढा. उपग्रहाची उंची ५५० किलोमीटर धरा आणि वरच्याच सूत्रात घाला. कोन सुमारे २३ अंश यायला हवा. महाराष्ट्राच्या अक्षांशावर मार्चमध्ये सूर्य तासाला साधारण १४ अंश खाली जातो. तर डोक्यावरचा उपग्रह सूर्यास्तानंतर किती वेळ उन्हात राहील? उत्तर काढा आणि एखाद्या निरभ्र संध्याकाळी घड्याळ, होकायंत्र व वही घेऊन गच्चीवर जाऊन ते ताडून पाहा. वहीत वेळ, दिशा आणि क्षितिजापासूनचा कोन लिहायला विसरू नका.